आधी ले-आउट केवढा ते सांग

शालिनी वासनिकचा मला हेवा वाटायचा. वाटायचा असं लिहिलं खरं, पण ती नागपूर सोडून हैदराबादला गेली, आमची रोजची गाठ संपली, तिच्या टेबलावर आता दुसरंच कोणी बसतं, आणि तरीही परवा ऑफिसात कोणी तिचं नाव काढलं तेव्हा माझं तोंड वाकडं झालंच. तेव्हा वाटतो असंच म्हणते. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. ती हैदराबादला गेली आहे आणि चांगली ठणठणीत आहे, त्यामुळे माझ्यावर ती सक्ती नाही.

आम्ही दोघी एकाच आठवड्यात नोकरीला लागलो. कंपनी लहान, आयटी पार्कच्या मागच्या गल्लीतली. खाली मोबाइल दुरुस्तीचं दुकान, वर आम्ही. काम सर्व्हरवर नजर ठेवणारे प्रोग्राम लिहिण्याचं. सर्व्हर म्हणजे दवाखान्यात, बँकेत एखाद्या थंड खोलीत रात्रंदिवस चालणारे मोठे कॉम्प्युटर. त्यांच्या पोटात कोणकोणते भाग आहेत, त्यातला कोणता आजारी आहे, कोणता बदलायला हवा हे आमचा प्रोग्राम सांगतो. मी कॉलेजात पहिली आलेली. शालिनी कितवी आली होती मला ठाऊक नाही. मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. तिला आठवत नव्हतं. आता कितवी आलो हे न आठवणारं माणूस तुम्ही पाहिलं आहे का? मला तेव्हाच कळलं की हे प्रकरण मला जड जाणार.

उन्हाळ्यात आमच्याकडे सगळ्याच बाया तोंडाला दुपट्टा गुंडाळून गाडी चालवतात, डोळे तेवढे उघडे. बाकीच्या ऑफिसच्या दारात दुपट्टा सोडतात. शालिनी तशीच आत येऊन मशीनसमोर बसायची आणि अर्धा तास त्या दुपट्ट्यातूनच बोलायची. कपडे पोपटी, नाहीतर हळदीसारखे पिवळे. बोलणं अस्सल नागपुरी. परदेशातल्या ग्राहकाशी फोनवर चांगलं सफाईदार इंग्रजी बोलायची आणि फोन ठेवला की त्याच दमात, "हा माणूस काहून इतका घाबरून राहिला वं?" मी कॉलेजात असताना मोठ्या कष्टाने माझी भाषा धुऊन पुसून घेतली होती. मले-तुले तोंडून जाऊ नये म्हणून जीभ चावत बोलायची सवय लावली होती. हिने तसलं काही केलं नव्हतं आणि तिचं कुठे काही अडत नव्हतं.

विनय नावाची गोष्ट तिच्यात नव्हती. एखादं अवघड काम झालं आणि सरांनी विचारलं, कसं काय जमवलं, तर ती म्हणायची, "मी हुशार हाये ना, म्हनून." सर्दी झाली आहे हे जितक्या सहज सांगावं तितक्या सहज. तिच्या बोलण्यात गर्व असता तर मला बरं झालं असतं. गर्वाला नावं ठेवता येतात.

ती कशावरही विश्वास ठेवायची नाही. डबा खाताना मी सांगायची की आज भरीत आहे. ती माझ्या डब्याचं झाकण उचलून आत बघायची, वास घ्यायची, भाकरीच्या तुकड्यावर घेऊन तोंडात घालायची आणि मग म्हणायची, हो, भरीतच आहे. तिची खात्री होईपर्यंत माझा डबा निम्मा झालेला असायचा. लग्नपत्रिकेवरची वेळ, बसवरची पाटी, औषधाच्या बाटलीवरचं लेबल, कशालाही तिचं एकच उत्तर होतं: "लिहून हाये म्हनून असतेच का?" ऑफिसात पोरं तिच्या आवाजात हे वाक्य म्हणून दाखवायची. माझी कोणी नक्कल केली नाही कधी. नक्कल करावी असं माझ्यात काही नव्हतं.

एकदा आम्ही सीताबर्डीला कापड घ्यायला गेलो. मी पाकिटातलं ड्रेसचं कापड उचललं, पाकिटावर मीटर छापलेले होते, पैसे दिले, मोकळी झाले. हिने भर गर्दीत पाकीट फोडलं, कापड पूर्ण उलगडलं आणि एक टोक नाकाशी धरून दुसरा हात लांब करून मोजायला सुरुवात केली. मला वाटलं, आता दुकानदार हिला बाहेर काढतो. दुकानदाराने तिला स्टूल दिलं. वर चहा मागवला. शिंप्याकडे माझ्या कापडात एक बाही कमी पडली, हे मी तिला आजतागायत सांगितलेलं नाही.

तिची ही खोड आमच्या कामात सोन्याच्या भावाने विकली जायची, ते कसं हे सांगायला हवं. सर्व्हरच्या प्रत्येक भागात, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यात, पंख्यात, बोर्डात, नखाएवढी एक चिप असते. त्या भागाची ओळख तिच्यात भरलेली असते: कोणी बनवला, कोणतं मॉडेल, नंबर काय. चिपच्या अगदी सुरुवातीला काही आकडे असतात. ते सांगतात की अमुक माहिती इथून सुरू होते आणि तमुक तिथून. त्या जागेच्या आकड्याला आम्ही ऑफसेट म्हणतो. प्रोग्रामने आकडा वाचायचा, त्या जागी उडी मारायची आणि पुढ्यात येईल ते वाचायचं. अडचण एवढीच की कारखान्यात चिप घाईने भरली असेल, तर तो आकडाच चुकीचा असतो. मग प्रोग्राम चिपच्या हद्दीबाहेर जाऊन पडतो आणि तिथे जे सापडेल ते ओळख म्हणून वाचून दाखवतो. माणूस निदान गांगरतो. मशीन खोटं बोलतानाही अडखळत नाही.

शालिनीने हे सगळं एका वाक्यात बसवलं होतं. नवीन कोणी कामाला लागलं की ती त्याच्या टेबलाशी जाऊन म्हणायची, "आधी ले-आउट केवढा ते इचारायचं. मंग प्लॉट नंबर." नागपूरच्या माणसाला ह्यापुढे काही समजवावं लागत नाही. आमचं अर्धं गाव शेतं तोडून पाडलेल्या ले-आउटांत राहतं. एखादा म्हणाला प्लॉट एकशे बारा, आणि ले-आउटात प्लॉटच शंभराच्या आत असतील, तर गाडी पुढे न्यायची नाही, परत विचारायचं. प्लॉट आत असला तरी त्याचं कंपाउंड कुठवर जातं, शेजाऱ्याच्या अंगणात तर घुसत नाही ना, तेही बघायचं. हे सगळं जुळलं तरच दार वाजवायचं.

हे एकशे बाराचं उदाहरण तिला माझ्यामुळे मिळालं. आम्ही हुडकेश्वरला घर बांधलं आणि वास्तूला सगळ्या ऑफिसला बोलावलं. पत्ता माझ्या नवऱ्याने कागदपत्रांत बघून टाकला होता, प्लॉट नंबर एकशे बारा. आदल्या दिवशी शालिनीने विचारलं, ले-आउट केवढा आहे? मी म्हटलं, तुला जेवायला यायचं आहे की मोजणी करायला? खरी गोष्ट अशी की जुन्या नकाशात दोन ले-आउट एकत्र धरलेले होते. पुढे ते वेगळे झाले आणि आमचा नंबर बदलला. कागदावर एकशे बारा, जमिनीवर चौतीस. आमच्या ले-आउटात एकशे बारा नंबरचं घरच नव्हतं.

भर दुपारी सगळं ऑफिस शेजारच्या ले-आउटात फिरत राहिलं. आमचे भांगे सर, म्हणजे कंपनीचे मालक, एका मांडवात शिरले, तिथल्या लोकांनी या बसा म्हटलं, त्यांनी सरबत घेतलं आणि भिंतीवरचं घड्याळ भेट देऊन आले. ते कोणाच्या तरी बाळाचं बारसं होतं. मी जरीची साडी सावरत स्कूटर घेऊन एकेकाला शोधायला निघाले. घामाने निथळत परत आले तेव्हा सासूबाई फाटकाशीच होत्या. मला हाताला धरून त्यांनी सरळ स्वयंपाकघरात नेलं, आणि तिथे शालिनी पाटावर बसून सांबारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीची वडी, खात होती. तिने ले-आउटच्या तोंडाशी किराणा दुकानात विचारलं होतं की इथे प्लॉट किती. उत्तर ऐकल्यावर तिने माझा पत्ता सोडून दिला आणि आंब्याचं तोरण दिसेल ते घर शोधत आली. सगळ्यांत आधी पोहोचली.

"कोन हाये वं ही पोरगी?" सासूबाई मला म्हणाल्या. "हिनं एकटीनंच घर बराबर शोधून काढलं."

माझी वास्तू, माझं घर, ऊन मी खाल्लेलं, आणि कौतुक हिचं. त्या दिवसापासून आई, सासूबाईंना मी आईच म्हणते, रोज संध्याकाळी मला पाणी देताना विचारणार, शालिनी कशी आहे? माझं डोकं दुखतंय म्हटलं तरी पुढचा प्रश्न तोच. सांबारवडी केली की दोन वेगळ्या बांधायच्या, शालिनीसाठी. वडी मीही खाते, पण वेगळी बांधून मला कोण देणार?

पुढे कंपनीत टीम लीडची जागा निघाली. भांगे सरांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावून सांगितलं की तुमच्यापैकीच एक होईल, दसरा झाल्यावर ठरवू. मी हे घरी सांगितलं नाही, पण मनातल्या मनात मी त्या खुर्चीवर बसूनही आले होते. पगाराचं एवढं नव्हतं. एकदा तरी, एका तरी कागदावर माझं नाव तिच्या वर यावं, एवढंच हवं होतं. शालिनी केबिनमधून बाहेर आली आणि तिने विचारलं, खाली पोहे खायला येते का, आज पोह्यांवरच्या रश्श्याची तर्री चांगली लाल दिसते आहे.

त्याच दिवसांत धंतोलीचं प्रकरण झालं. तिथल्या एका खाजगी दवाखान्यात आमच्या देखरेखीखालचा सर्व्हर होता. सगळ्या पेशंटचे स्कॅन त्याच्यावर. त्याला वीज पुरवणारे दोन डबे होते, एक बंद पडला तर दुसरा सांभाळून घेतो. त्यातला एक आचके द्यायला लागला. कोणता, ते माझा प्रोग्राम सांगणार होता. आमचा टेक्निशियन राजू, शालिनी आणि मी, तिघं गेलो. बाहेर पॅसेजमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. यवतमाळ, वर्धा, भंडारा, कुठून कुठून आलेली माणसं मोठमोठी पाकिटं छातीशी धरून बाकांवर बसलेली, आणि आत कुणाचं तरी ऑपरेशन चालू. डॉक्टर पडद्यावर त्याचा स्कॅन बघत होते.

माझ्या प्रोग्रामने आजारी डब्याचा नंबर दाखवला. राजूने डब्यांवरचे स्टिकर वाचले, नंबर जुळवला आणि डावीकडच्या डब्याच्या मुठीला हात घातला.

"थांब," शालिनी म्हणाली. "हात नको लावू. पडदा पाय. दोन घरांले एकच नंबर कसा?"

मी पाहिलं. माझा प्रोग्राम दोन्ही डब्यांचा नंबर एकच दाखवत होता. आजारी डबा उजवीकडचा होता. त्याच्या चिपमधला ऑफसेट हद्दीबाहेरचा होता. माझ्या प्रोग्राममध्ये सगळ्या चिपांची माहिती एकीला लागून एक मांडलेली, त्यामुळे हद्द ओलांडून तो सरळ शेजाऱ्याच्या घरात शिरला आणि शेजाऱ्याचा नंबर आपला म्हणून घेऊन आला. राजूने तो चांगला डबा ओढला असता तर आजारी डब्यावर सगळा भार पडून सर्व्हर बसला असता आणि आतल्या डॉक्टरांपुढचा पडदा काळा झाला असता. चिप कारखान्यात चुकीची भरली होती, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते. पण मी आकडा हद्दीत आहे का ते विचारलं नव्हतं, आणि शालिनीने मला ते विचारायला दोनदा सांगितलं होतं. आम्ही उजवीकडचा डबा बदलला आणि बाहेर पडलो. बाकावरच्या एका म्हाताऱ्याने शालिनीला विजेचं विचारलं, पोरी, लाइन येऊन राहिली ना? तिने सांगितलं, हो बाबा, कुठे गेली नाही.

परत येताना चौकात चहा घेतला. मला वाटलं, आता ही सरांना काय काय सांगणार. ती बोलत होती तिच्या वडिलांबद्दल. ती लहान असताना दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणारे पाहुणे त्यांच्या घरी उतरायचे. लांब लांबच्या खेड्यांतून रेल्वेने, बसने यायचे. कोणी चुलत मामा, कोणी मामाचा गाववाला. हातात पत्त्याची चिठ्ठी असायची आणि पत्ता हमखास चुकलेला. वडील तिला घेऊन हरवलेले पाहुणे शोधायला निघायचे. ज्या वस्तीत तेवढी घरंच नाहीत तिथलं घर माणसं शोधत बसतात, हे तिने तेव्हाच पाहून ठेवलं होतं. रात्री घरात पाय टाकायला जागा नसायची, पण शेवटचा पाहुणा येईपर्यंत वडील फाटकातून हलायचे नाहीत. ते वारले त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. भाऊ हैदराबादला. "आता कुलूप पायते माही वाट," ती म्हणाली आणि बशीतला चहा ओढला. मी हूं म्हटलं. माझं अर्धं लक्ष लीडच्या खुर्चीत होतं.

तिने सरांना काही सांगितलं नाही. राजूने सांगितलं, चार जणांना, तिखटमीठ लावून. सर शालिनीला म्हणाले की तपासणीचा भाग आता तूच लिही. तिने लिहिला. सुरुवात हद्दीत आहे का, शेवट हद्दीत आहे का, माहितीचे दोन तुकडे एकमेकांवर चढत नाहीत ना, आकड्यांची बेरीज जुळते का, सगळं. ऑफिसात ज्याला त्याला वाटलं की लीड ठरली.

मग मी तिच्या त्या कामात चूक शोधायला बसले. स्वच्छ सांगते, कंपनीच्या भल्यासाठी नाही. हेव्यात माणूस जेवढं बारीक वाचतो तेवढं प्रेमात वाचत नाही. घरी पोळ्या लाटताना मला तिच्या ओळी दिसायच्या. ती प्रत्येक वेळी आधी ले-आउट विचारत होती, नंतर प्लॉट. कुठे फट नाही. आणि एक दिवस भाजी निवडताना मला आठवलं की ले-आउट केवढा ह्या प्रश्नाचं उत्तर तिला कोण देत होतं, हे मी बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पाहिलं. चिपचा आकार ती पंखे बनवणाऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकातून घेत होती. मी कपाटातून त्याच मॉडेलचा एक जुना पंखा काढला, टेबलावर ठेवला आणि त्याची चिप हाताने वाचत गेले. निम्म्यावर गेल्यावर पुन्हा सुरुवातीचीच अक्षरं यायला लागली. चिप सांगितल्याच्या निम्मीच होती. तिच्या हद्दीबाहेर गेलं की ती नाही म्हणत नव्हती, पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवत होती. मला इतका आनंद झाला की मी खाली जाऊन एकटीने पोहे खाल्ले.

मी हे तिला एकटीला सांगू शकले असते. मी मीटिंगची वाट पाहिली. सर होते, सगळे होते. माझ्या मांडीवर पिशवीत पंखा होता.

"शालिनी," मी म्हटलं, "ह्या पंख्याच्या चिपचा ले-आउट केवढा?"

"दोनशे छप्पन अक्षरं."

"कोणी सांगितलं?"

"माहितीपत्रकात लिहून हाये."

मी एक घोट पाणी प्यायले. ह्या क्षणाची मी किती दिवस वाट पाहिली होती. "लिहून हाये म्हनून असतेच का?" मी तिच्याच आवाजात म्हटलं. पोरं हसली, आणि मग मी पंखा टेबलावर ठेवला तेव्हा बघायला पुढे सरकली.

मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो पडायला हवा होता. तिने खुर्ची ओढून माझ्या शेजारी आणली, म्हणाली, दाखव. मी दाखवलं. अक्षरं निम्म्यावर गेली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

"अवं, हे तं गोल फिरून पुन्हा पहिल्याच घरी येऊन राहिलं," ती म्हणाली आणि हसायला लागली. तिने मला पुन्हा दाखवायला लावलं, मग तिसऱ्यांदा. मग सरांना म्हणाली, "सर, हे मी पायलंच नव्हतं. हिनं माह्याच मापानं मले मोजलं." आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तुले सुचलं कसं वं?"

भाजी निवडताना, एवढंच मी सांगितलं. ते खोटं नव्हतं. संध्याकाळपर्यंत तिने सगळ्या ऑफिसला बोलावून ती गोल फिरणारी चिप दाखवली, कौतुकाने, स्वतःच्या भाच्याचं जावळ दाखवावं तशी. चूक तिची होती, ती पकडली मी होती, आणि मजा तिने केली.

दसऱ्यानंतर लीड मी झाले. शालिनीने संत्रा बर्फी आणली. चूक तिची होती तर मिठाईही तिच्याकडूनच पाहिजे, असा काहीतरी तिचा हिशेब होता. मग ती माझ्या हाताखाली काम करायला लागली आणि तिच्यात तसूभर फरक पडला नाही. तोच दुपट्टा, तीच पोपटी कुर्ती, तोच माझ्या डब्यात हात. मी तिचं काम तपासून पास करायची, म्हणजे सही माझी, पण त्यात चूक काढण्यासारखं काही नसायचं. मला हवं होतं ते मिळालं होतं आणि तिचं काही कमी झालं नव्हतं. ह्याचा जो जळफळाट झाला तो खुर्ची न मिळण्यापेक्षा मोठा होता. आई म्हणाल्या, चांगलं झालं हो, आता शालिनीला सांभाळून घे.

मग तिने हैदराबादची नोकरी घेतली. भाऊ तिथे होताच. शेवटच्या दिवशी आईंनी मला सकाळी बजावलं की तिला संध्याकाळी घेऊन ये, मी सांबारवडी करते. पण तिच्या सामानाचा ट्रक संध्याकाळीच येणार होता. खाली गाड्या लावतात तिथे ती दुपट्टा गुंडाळत उभी होती. म्हणाली, आईले सांग, वडी उधार राहिली.

मला राहवलं नाही. मी विचारलं, "शालिनी, तुला माझा कधी हेवा वाटला का गं? लीड झाले तेव्हा?"

तिने हात थांबवला. पटकन नाही म्हणून मोकळी होईल असं वाटलं होतं, पण ती विचार करत राहिली. आधी स्वतःच्या आत जाऊन बघून येत असावी.

"लीडचा नाई," ती म्हणाली. "थे तुहंच होतं. एकदा वाटला. तुह्या वास्तूच्या दिवशी."

"घराचा?"

"घराचा नाई वं. मी पोहोचली तं तुही सासू फाटकात उभी, हातात पान्याचा लोटा. मले वाटलं पाहुन्यांसाठी उभी हाये. म्हनलं, आई, आत चाला, लई ऊन हाये. तं म्हनते, माही सून गेली हाये उन्हात, तिले येऊ दे पहिले." तिने दुपट्ट्याचं टोक खोचलं. आता डोळे तेवढे दिसत होते. "त्या दिवशी लई हेवा वाटला मले तुहा. म्हनून तं वड्या जास्त खाल्ल्या."

तिने गाडी सुरू केली आणि गल्लीच्या तोंडाशी वळून गेली. हात वगैरे केला नाही. हळदी रंगाची कुर्ती तेवढी थोडा वेळ दिसली.

हुडकेश्वर येईपर्यंत मी तिच्याशी मनातल्या मनात भांडत होते. आई तिच्यासाठी वडी बांधतात, तिची चौकशी करतात, आणि ही म्हणते मला तुझा हेवा. तिने सांगितलं म्हणून असतंच का? किराणा दुकानाशी मी गाडी हळू केली आणि लांबूनच आमच्या फाटकाकडे पाहिलं. आई उभ्या होत्या. एक हात कडीवर, नजर रस्त्याला. रोज उभ्या असतात. मी रोज बघते. मला नेहमी वाटायचं की भाजीवाल्याची वाट बघत असतील.

मी गाडी फाटकाशी आणली तेव्हा त्यांनी आधी मागच्या सीटकडे पाहिलं.

"शालिनी नाई आली?"

तिचं सामान जायचं होतं म्हणून सांगितलं. त्या बरं म्हणाल्या, माझ्या हातातली पिशवी घेतली, रोज घेतात तशी, पाण्याचा पेला पुढे केला आणि मी पाणी पिईपर्यंत तिथेच थांबल्या. मग आत वळता वळता म्हणाल्या, "जेवली असंल का वं थे पोरगी?"

माझं तोंड पुन्हा वाकडं झालं.

"तिले फोन करून इचारा," मी म्हटलं. "पन पहिले मले वाढा."